फॉर्मवर मी एकच भाषा सांगितली

सुमनमावशीचं नाव आधी घेतो, मग माझं काय झालं ते सांगतो. मावशी नसती तर हे लिहायला मी नसतो. आणि मी तिच्याशी खोटं बोललो नसतो तर हे लिहायची वेळच आली नसती. दोन्ही खरं आहे.

मावशी नालासोपाऱ्याजवळच्या कळंबची, मासेमारीच्या घरातली. समुद्रकाठी सुट्टीला येणाऱ्यांसाठी कॉटेजं आहेत, त्यातल्या एकावर मी रखवालदार आहे आणि मावशी तिथे पाहुण्यांचं जेवण बनवते. नात्याची म्हणाल तर ती माझी कोणी नाही. माझं गाव सांगली जिल्ह्यात, जत तालुक्याच्या पार पूर्वेला. आमच्या शेताच्या बांधावरून कर्नाटकातली टेकडी दिसते. सातवीत शाळा सोडली, आधी इकडेच जवळ माणिकपूरला एका हॉटेलात लागलो, मग इथे कळंबला आलो. गावी आई आहे आणि थोरला भाऊ. आईला आम्ही अव्वा म्हणतो.

हे लिहायला मला ऋतुजाताईंनी सांगितलं. माझं डोक्याचं ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलात त्या बोलण्याचे उपचार करतात. "ज्यांचं असं ऑपरेशन व्हायचंय त्यांना उपयोगी पडेल," म्हणाल्या. मी म्हटलं, माझ्याकडून लोकांना नुसती भीतीच मिळेल. त्या म्हणाल्या, "मग भीती लिहा. पण खरं लिहा."

जेवण किती वाजता

एका पाहुण्या बाईंनी विचारलं, जेवण किती वाजता? मला "दीड" म्हणायचं होतं. एवढा एक शब्द. तो मला समोर दिसत होता, पण तोंडात येईना. जीभ जड झाली, उजवा हात आपोआप झटके द्यायला लागला. बाई हसल्या, त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. पुढचं मला आठवत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा मी फरशीवर कुशीवर होतो आणि मावशी कोणावर तरी ओरडत होती. "कांदा नको हुंगवू त्याला, चप्पल नको, बाजूला हो. वारा लागू दे." तिच्या भावाला होडीवर फिट यायची, म्हणून तिला माहीत होतं. तिनेच रिक्षात घातलं, नालासोपाऱ्याला नेलं, आणि डोक्याचा फोटो काढेपर्यंत दारात उभी राहिली. अंगावर स्वयंपाकाचंच लुगडं, हाताला हळद.

तिथल्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला लावला. "डाव्या बाजूला गाठ आहे. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात दाखवा." एवढंच बोलले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. ज्या दिवशी माणसाला असं कळतं, त्या दिवशी रडायला येतं असं मला वाटायचं. तसं काही झालं नाही. मी रिक्षात बसून विचार करत होतो की तीन नंबरच्या खोलीच्या चादरी बदलायच्या राहिल्या.

मावशी म्हणाली, "रडायचं तर आत्ता रड. घरी पोचल्यावर जेवायचंय."

मग मी रडलो.

बांबू टोचत

मोठ्या हॉस्पिटलातले सर्जन सर शांत होते. त्यांनी सांगितलं की गाठ हळू वाढणारी आहे, पण जागा वाईट आहे. बोलण्याच्या जागेला लागून. मेंदूच्या वरच्या थरात हात हलवायची जागा वेगळी, बोलायची वेगळी, समजायची वेगळी. पुस्तकात त्याचा नकाशा असतो. "पण तो नकाशा सगळ्यांचा मिळून आहे," ते म्हणाले. "तुमचा कसा आहे ते उघडल्यावरच कळतं. म्हणून तुम्हाला मध्येच जागं करणार. तुम्ही बोलत राहायचं. आम्ही एकेका जागेवर अगदी बारीक करंट देऊन बघणार. जिथे तुमचं बोलणं अडेल, ती जागा सोडायची. जिथे अडणार नाही, तिथली गाठ काढायची."

डोकं उघडं आणि मी जागा. मला ते ऐकवेना.

मावशीने मात्र मान हलवली. "म्हनजे आमचे लोक खाडीच्या तोंडाशी करतात तसंच. वाळू कुठे सरकलीय ते दिसत नाय, मग बांबू टोचत टोचत होडी न्यायची."

सर हसले. "अगदी तसंच, मावशी."

"आनि बांबू टोचायचा राहिला तर?"

"तर होडी रुतते," सर म्हणाले. मावशी हसली नाही.

मराठीच

ऋतुजाताईंनी मला चित्रं दाखवली. छत्री, घोडा, कुलूप, केळं, शिडी. नाव सांगायचं. काही चित्रांची नावं मला आलीच नाहीत, एक मोठं परदेशी वाद्य होतं, एक कुठलासा प्राणी. मला लाज वाटली. मी म्हटलं, "ताई, माझी सातवीच झालीय." त्या म्हणाल्या, "ही परीक्षा नाही, महादेव. जे येत नाही ते काढून टाकू. तुम्हाला जे नक्की येतं तेच टेबलावर विचारायचं."

मग त्यांनी फॉर्म काढला. "घरी कोणती भाषा बोलता?"

"मराठी."

"फक्त मराठी? आईशी वगैरे?"

"मराठीच."

आईशी मी जन्मापासून मराठीत चार वाक्यं बोललेलो नाही. अव्वाला मराठी येत नाही. बाजारापुरती येते, तीही भाव करण्यापुरती. आमच्या घरात कानडी. मनात आकडे मोजतो तेही कानडीत. पण गावच्या मराठी शाळेत वर्गात कानडी शब्द निघाला की गुरुजी बाकावर उभं करायचे. माणिकपूरच्या हॉटेलात मला "ए कानडी आप्पा" म्हणायचे, माझ्यासारखं बोलून दाखवायचे आणि सगळे हसायचे. कळंबला आलो तेव्हा ठरवलं, इथे कोणाला सांगायचं नाही. तेव्हापासून कोणी विचारलं की तोंडातून आपोआप मराठीच यायचं.

पण सगळा दोष त्या जुन्या लाजेवर टाकला तर ते खोटं होईल. दुसरंही कारण होतं. माझ्या शेजारच्या खाटेवर बिहारचे एक भाऊ होते, त्यांचंही असंच ऑपरेशन. त्यांनी फॉर्मवर आपली घरची भाषा सांगितली होती. मग ती भाषा जाणणारं माणूस शोधा, चित्रांची नावं त्या भाषेत बसवा, दोन्ही भाषांचा सराव घ्या, असं करता करता त्यांची तारीख पुढे गेली. ते रोज उठून विचारायचे, माझा नंबर कधी? मला वाटायचं, आपली तारीख गेली तर परत कधी मिळणार? रोज गाठ वाढतेय असं मला वाटायचं. डोक्यात काहीतरी टिकटिक करतंय असं वाटायचं. दोन भाषांना मेंदूत दोन वेगळ्या जागा असू शकतात, हे ताईंनी त्या भाऊंना माझ्यादेखत समजावलं होतं. मी ऐकलं होतं. ऐकून मी भिंतीकडे तोंड केलं.

एकट्या मावशीला माझी कानडी माहीत होती. रोज दुपारी भांडी घासताना नळापाशी मी अव्वाशी फोनवर बोलायचो, ते ती ऐकायची. तिने वॉर्डात आल्या आल्या विचारलं, "तुजी ती कानडी सांगितलीस ना रं त्यांना?"

"सांगितली."

"दोन्ही टोचून बघनार ना?"

"हो, मावशी. दोन्ही."

ती निश्चिंत झाली. डब्यातून भात काढला, माशाचे काटे काढून काढून मला देत बसली. मी ते खाल्ले.

टेबलावर

ज्यांचं व्हायचंय त्यांना सांगतो, दुखत नाही. कातडीला बधिर करतात तेवढं टोचतं. आधी झोपवतात, मग उठवतात. उठल्यावर डोकं हलवता येत नाही, घट्ट धरलेलं असतं. समोर हिरवा पडदा, पडद्याखाली ऋतुजाताईंचा चेहरा, हातात चित्रं. त्यांनी माझा हात धरला होता. तो हात फार गरम होता. तेवढं एक सुख लक्षात आहे.

"एकपासून मोजा, महादेव."

"एक, दोन, तीन, चार..." आणि पुढे काहीच नाही. पाच कुठे गेला? तोंड उघडं, आवाज नाही. मग एकदम सुटलं. "पाच."

"छान. इथे थांबलं," मागून सरांचा आवाज. त्यांनी तिथे नंबराची बारीक चिठ्ठी ठेवली. अशा पुष्कळ चिठ्ठ्या ठेवल्या. माझ्या मेंदूवर माझा नकाशा तयार होत होता आणि मी त्यांना वाट दाखवत होतो. घोडा. शिडी. कुलूप. अडलो की चिठ्ठी, नाही अडलो की पुढे.

मग सर म्हणाले, "मागच्या बाजूला अजून थोडी गाठ आहे. इथे नीट बघू या."

ताईंनी चित्रं दाखवली. छत्री. केळं. कंदील. चमचा. मी धडाधड सांगितलं. एकही अडलं नाही. ताई म्हणाल्या, "सगळी बरोबर." सरांनी पुन्हा बघितलं, पुन्हा सगळी बरोबर. "ही जागा रिकामी आहे, इथली काढू या," ते म्हणाले.

त्या वेळी मला कळलं होतं. डॉक्टरांना नव्हतं, मला होतं. ते ज्या जागेला "रिकामी" म्हणत होते, ती फक्त मराठीसाठी रिकामी होती. मी एक शब्द बोललो असतो, "ताई, थांबा, मला कानडी येते," तर त्यांनी विचारलं असतं. कोणाला फोन लावला असता, निदान मला कानडीत मोजायला लावलं असतं. पण डोकं उघडं टाकून मी पडलो होतो. आत्ता खोटं उघडं पडलं तर हे सगळे मधेच थांबतील, रागावतील, मला तसंच सोडून देतील, असं वाटलं. वेड्यासारखं वाटलं, पण वाटलं. मी डोळे मिटले.

"महादेव, झोपू नका. हे काय आहे?"

"घर," मी म्हणालो.

अव्वाचा फोन

ऑपरेशन चांगलं झालं. सगळ्यांनी तसंच सांगितलं. हात हलत होता, पाय हलत होते, दोन दिवस शब्द अडखळले आणि मग मराठी आली, जवळजवळ पूर्वीसारखी. मावशीने वॉर्डातल्या सगळ्यांना साखर वाटली.

पाचव्या दिवशी माझ्या थोरल्या भावाने गावाहून अव्वाला फोन जोडून दिला. तिला आधी ऑपरेशनचं सांगितलंच नव्हतं, ताप आहे म्हणून सांगितलं होतं.

"मादेवा, ऊटा आतेनू?" जेवलास का? ती नेहमी हेच पहिलं विचारते.

मला कळलं. प्रत्येक अक्षर कळलं. मी तोंड उघडलं. काही नाही. जेवलो म्हणायचं, फक्त एक शब्द. मी ओठ हलवले, जोर लावला, आणि बाहेर आलं, "हो, जेवलो." मराठीत.

तिला वाटलं असावं, मी तिथल्या कोणाशी तरी बोलतोय. मग अव्वा म्हणाली, "याक सुम्न अदी, मगा?" का गप्प आहेस, पोरा?

मी फोन मावशीच्या हातात दिला आणि उशीत तोंड घातलं.

भावाने नंतर अव्वाला खरं सांगितलं. डोक्याचं ऑपरेशन झालं, त्यात कानडी गेली, मराठी राहिली. तिने विश्वास ठेवला नाही. म्हणाली, असं कुठे असतं, डोक्यात काय दोन कोठ्या असतात? पोरगा शहरात राहून मोठा झाला, त्याला आपली भाषा नको झाली, एवढंच. भावाने हे मला मराठीत सांगितलं. आम्ही दोघे भाऊ आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांशी मराठीत बोललो. तो मध्येच म्हणाला, "तू मला पाहुण्यासारखा वाटायला लागलास रे," आणि फोन ठेवला.

सगळ्यात जास्त हे टोचतं की अव्वा अर्धं खरं बोलत होती. मला ती भाषा नको होती. फॉर्म भरायच्या वेळी नको होती.

मावशीचं भांडण

टाके काढायला गेलो तेव्हा मावशी तडक ऋतुजाताईंच्या टेबलापाशी गेली. तिच्या आवाजाने सगळी ओपीडी वळून बघायला लागली.

"काय गं पोरी, दोन्ही टोचून बघायचं होतं ना? ह्याने तुमाला सांगितलं होतं ना कानडी येते म्हनून? आता आईशी बोलता येत नाय ह्याला! कोनाची चूक ही?"

ताईंनी माझी फाइल उघडली. फॉर्मवर बोट ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. मला मराठी येत होती. त्या क्षणी मला पाहिजे तेवढी मराठी येत होती. मी एक शब्द बोललो नाही.

ताईंनी फाइल मिटली. "आमच्याकडून कमी पडलं, मावशी," त्या म्हणाल्या. "आपण आता सराव सुरू करू."

बिहारचे भाऊ त्याच दिवशी तपासणीला आले होते. बाहेर बाकावर बायकोशी आपल्या भाषेत काहीतरी बोलून दोघं हसत होते. मी त्यांच्यासमोरून गेलो. त्यांनी ओळखीचं हसून हात वर केला. माझा हात वर गेला नाही.

आता

ऋतुजाताई म्हणतात, काही परत येईल, किती येईल सांगता येत नाही. मेंदू दुसऱ्या वाटा काढतो, पण सगळ्या नाही. सराव म्हणजे काय, तर अव्वाने लहानपणी शिकवलं तसं पुन्हा सगळं. पाणी, भाकरी, हात, डोळे. कित्येक महिने झाले. कानडी आकडे सहापर्यंत येतात, तेही कोणी पहिलं अक्षर सांगून पुढे ढकललं तर. वाक्य होत नाही. ओठांवर शब्द आल्यासारखा वाटतो आणि विरून जातो. कधी कधी सकाळी उठलो की वाटतं, आज येईल. तोंड धुवेपर्यंत कळतं, नाही.

मावशी मात्र रोज दुपारी अव्वाला फोन लावते. स्पीकरवर ठेवते. साठीच्या पुढची बाई, भाजीच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या बाजूला कानडी शब्द मराठी अक्षरांत लिहून घेते. भावाला विचारून घेते. "चलो अदान," ती अव्वाला ओरडून सांगते, बरा आहे म्हणून. "ऊटा आत!" म्हणजे जेवण झालं. अव्वाला तिचे उच्चार ऐकून हसू येतं. गेल्या महिन्यात अव्वाने भावाला विचारलं, ही परकी बाई आपली भाषा शिकते आणि माझ्या पोटच्याला का जमत नाही? म्हणजे खरंच त्याला काही झालंय का? एवढं तिला वाटलं. अजून पूर्ण खात्री नाही, पण वाटलं.

त्याच दिवशी मी मावशीला सांगितलं. ती परसात वाकट्या मासे सुकवायला उन्हात टाकत होती. मी म्हटलं, "मावशी, मी त्यांना सांगितलंच नव्हतं. फॉर्मवर मराठीच लिहिलं. तुला खोटं सांगितलं."

ती हातातली वाकटी तशीच धरून उभी राहिली.

"म्हनजे मी त्या पोरीला उगाच बोलली? चार लोकांत?"

"हो."

"आनि तू उभा होतास तिथे."

"हो."

तिने ती वाकटी वाळत टाकली. मग म्हणाली, "माज्याशी खोटं बोलायला तुला मराठी बरी आली रं." आणि आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवण ताटात वाढायची, बोलायची नाही. अव्वाला फोन मात्र त्या दोन दिवसांतही लावला. तिसऱ्या दिवशी साडी बदलून आली, "चल," म्हणाली. हॉस्पिटलात गेलो. ऋतुजाताईंपुढे तिने हात जोडले. ताई म्हणाल्या, "मावशी, काय हे!" मग मावशीने माझ्या पाठीत एक जोरात थाप घातली आणि म्हणाली, "आता तू बोल."

मी बोललो. सगळं. ताईंनी ऐकून घेतलं, आणि त्याच दिवशी हे लिहायला सांगितलं.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या मेंदूचं असं ऑपरेशन ठरलं असेल तर कोणती भाषा घरची, कोणती बाजाराची, कोणती देवासमोरची, कोणती फक्त शिव्या देण्यापुरती, सगळ्या सांगा. लाज वाटली तरी सांगा. तारीख पुढे गेली तरी सांगा. तारीख पुन्हा मिळते. मला आशा आहे असं लिहून तुम्हाला धीर द्यायला पाहिजे, पण तसं मनापासून वाटत नाही तर कसं लिहू? बहुतेक दिवस मला वाटतं की अव्वाशी माझं बोलणं संपलंय.

मावशी, तुझे उपकार फिटायचे नाहीत, तरी मी फेडणार. तुला गावी नेणार. अव्वासमोर बसवणार, आणि तू माझी कोण आहेस ते मी तिला माझ्या तोंडाने कानडीत सांगणार, कोणी पुढे न ढकलता, आणि मी तुझ्याशी कसा वागलो तेही. एवढी वाक्यं जमवायला किती वर्षं लागतील माहीत नाही. अव्वा तोवर असेल की नाही तेही माहीत नाही. ती नसली तर तिच्या बंद दारासमोर तुला उभं करीन, आणि दाराला सांगीन.